मारोतरावांनी न चाललेली वाट

नकाशावर पायवाट तुटक रेघेनं दाखवतात. अशा रेघा मी नोकरीत इतक्या ओढल्या की एकीला एक जोडल्या असत्या तर नागपूरहून काशीला जाऊन परत आल्या असत्या. पण त्यांतल्या एकाही वाटेवर माझा पाय पडलेला नव्हता. मी ट्रेसर होते, म्हणजे मोजणीच्या कच्च्या कागदावरून पक्का नकाशा उतरवणारी. खिडकीपाशी उतरतं टेबल, ट्रेसिंगचं कापड, दोन टाक, काळी शाई आणि डोक्यावर कुरकुरणारा पंखा, एवढं माझं राज्य. वाटा चालायच्या मारोतरावांनी आणि काढायच्या मी, अशी वाटणी होती.

मारोतराव धकाते आमच्या कचेरीत अमीन होते, म्हणजे जमीन मोजणारे. पण त्यांना अमीन कोणी म्हणत नसे. शेताशेतांतून बैलगाडी जाण्यापुरती जी वाट असते तिला आमच्याकडे पांधण म्हणतात, आणि मारोतरावांचा जीव त्या पांधणींत अडकलेला. म्हणून बडे बाबूंपासून चपराशापर्यंत सगळे त्यांना पांधणवाले मारोतराव म्हणायचे. त्यांनाही ते आवडत असावं. खाकी कोट, खाली धोतर, काळी टोपी, खांद्याला पाण्याची छागल, आणि पायांत असे जोडे की जे पायांत कमी आणि काखेत जास्त असायचे. पायवाट लागली की ते जोडे काढत. जोड्यातून वाट समजत नाही, असं त्यांचं म्हणणं.

घर उमरेडचं, कोष्ट्याचं. वडील, दोघे भाऊ सगळे मागावर. हा एकटाच पोरगा घरातून उठून रानोमाळ हिंडायला लागला याचं त्यांच्या आईला शेवटपर्यंत वाईट वाटत होतं. मारोतराव सांगायचे, बाप बसून जेवला, मी चालून जेवतो, पोळी तीच आहे.

मी महालातली, म्हणजे नागपूरच्या जुन्या वस्तीतली. आमच्या घरात राजेशाहीच्या काळापासून सगळे कारकून. बाप कारकून, आजा कारकून. वडील लवकर गेले, मी मॅट्रिक होते, हात स्थिर होता, म्हणून मला ही नोकरी मिळाली. कचेरीत मी पहिलीच बाई. पहिले काही महिने अर्धे लोक माझ्याशी बोलतच नसत आणि उरलेले नको तितकं बोलत. मारोतराव पहिल्याच आठवड्यात सरळ टेबलाशी आले, मी केलेला नकाशा पुढे ठेवला आणि म्हणाले, "ट्रेसरबाई, ही वाट तुमी सरळ काहून केली?"

त्यांच्या कच्च्या कागदावर ती वाट एका ठिकाणी उगाचच वाकडी होती. मला वाटलं त्यांचा हात हलला असेल, म्हणून मी नीटनेटकी करून दिली होती. ते म्हणाले, तिथं एक बाभूळ होती. मी विचारलं, मग बाभूळ दाखवायची का? तर म्हणाले, बाभूळ पडून वीस वर्षं झाली, पण लोक अजून तिला वळसा घालून जातात. साहेबांनीही नंतर तोच प्रश्न विचारला, झाड नाही तर वळण कशाला? मारोतराव अगदी गंभीरपणे म्हणाले, साहेब, झाड गेलं, लोक आहेत. ते वळण नकाशात राहिलं. त्यानंतर मी त्यांची एकही रेघ सरळ केली नाही.

त्यांची एक सवय होती, आणि आज मला त्यांची आठवण येते म्हणजे खरं तर तिचीच येते. दौऱ्यावरून आले की कागद देऊन ते निघून जात नसत. टेबलाच्या पलीकडे उभे राहत (खुर्चीवर बसलेले मी त्यांना कधी पाहिलं नाही) आणि त्या वाटेच्या कडेला काय काय आहे ते सांगत. इथं चिंच आहे, चिंचेखाली म्हाताऱ्यांना टेकायला दगड आहे. इथं चिखल असतो, म्हणून पोरं बांधावरून जातात. इथून नदी दिसत नाही, पण थंड लागायला लागतं. सरकारी नकाशात यातलं काहीच काढायचं नसतं. तरी ते सांगायचे आणि मी टाक खाली ठेवून ऐकायची. मला त्या वाटांवर जायचं होतं. इतकं जायचं होतं की संध्याकाळी महालात परतताना गल्लीतून चालण्याचाही राग यायचा. हे मी कोणाला सांगितलं नाही. विधवा आई आणि धाकटी भावंडं सांभाळणाऱ्या बाईनं असलं काही सांगायचं नसतं. पण मारोतरावांना ते कळत असावं, कारण उशीर झाला असला तरी ते चिंच वगळत नसत.

मऊ स्वभावाचे ते होते, पण जागेच्या बाबतीत हटवादी. शहरात विणकरांच्या वस्तीमागे एक मोकळं मैदान होतं. तिथं सकाळी लोक विणायच्या सुताचा ताणा लांब पसरून त्याला खळ लावायचे. ते मैदान कोणाला तरी लाकडाच्या वखारीसाठी हवं होतं, आणि साहेबांचं मत असं की एवढ्या गरिबांना एवढी जागा कशाला. मारोतरावांनी वाद घातला नाही. साहेबांना सकाळीच मैदानावर यायला सांगितलं आणि एका ताण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची विनंती केली. साहेब चालले. मध्ये तीन ठिकाणी वाकले, एका ठिकाणी सुतात अडकले, आणि परत आले तेव्हा पॅन्टला गुडघ्यापर्यंत खळ. असे ताणे किती पसरतात म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मारोतराव म्हणाले, आज यांची सुट्टी आहे साहेब, ताणे थोडेच आहेत, उद्या मोजू. साहेब दुसऱ्या दिवशी गेले नाहीत, आणि वखारही झाली नाही.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली तेव्हा आमच्या कचेरीचं काम एकदम वाढलं. आतापर्यंत गावचं पडीक, तळं, नदीचा घाट, वाटा, सगळं मालगुजाराचं. तो जाऊ देईल तिथून जायचं. आता हे सरकारकडे आलं. कोणत्या गावानं कुठून चालायचं, कुठं पाणी भरायचं, कुठं गुरं न्यायची, याचा एकेक कागद प्रत्येक गावासाठी करायचा होता. त्याला निस्तारपत्रक म्हणत. त्यात जे आलं ते गावाचं, जे राहिलं ते गेलं. मालगुजाराला घरच्या शेतीची जमीन ठेवायला मिळाली होती, आणि त्या जमिनीतून जाणारी वाट कागदात नसली की तो दुसऱ्या दिवशी काटे लावायला मोकळा.

दुसरे अमीन चावडीत बसून, मालगुजाराच्या घरचा चहा पिऊन, हे कागद करत. मारोतरावांचा नियम होता की गावात शिरल्यावर आधी सगळ्या वाटा चालायच्या, मग कोणाकडे पाणी प्यायचं. स्वतःच्या पायाखालून गेली नाही ती वाट ते लिहीत नसत. दोन वर्षं ते असे चालत होते. त्यांच्या टाचा भेगाळून इतक्या फुटल्या की मी घरून मेण आणि तेल कढवून डबीत घालून दिलं. त्यांनी डबी घेतली आणि पुढच्या दौऱ्यावरून आल्यावर नेहमीपेक्षा दुप्पट वेळ चिंचा सांगितल्या. आभार मानायची त्यांची रीत तीच असावी.

अशा माणसाच्या हातून चूक झाली.

मौद्याच्या अलीकडे, कन्हान नदीवर वडघाट नावाचं गाव. निस्तारपत्रक होऊन, मंजूर होऊन, बासनात जाऊन वर्ष उलटलं होतं. एक दिवस दुपारी एक म्हातारी कचेरीत आली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात काठी. तिचं नाव गिरजाबाई. कचेरीत बाई दिसली म्हणून ती थेट माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "माय, आमची वाट तुमच्या कागदात नाई म्हणते मालगुजार. त्यानं काटे लावले. आता आमी नदीवर कुठून जावं?"

मी वडघाटाचा नकाशा काढला. नदीकडे जाणारी एकच वाट होती, गाडीची, गावाला वळसा घालून मसणवटीवरून जाणारी. ती बोटानं दाखवली तर गिरजाबाई म्हणाली, ही माणसांची. बायकांचा घाट वेगळा, वरच्या अंगाला, मालगुजाराच्या संत्र्याच्या बागेतून सरळ उतरायचं. अंघोळीला, धुण्याला आणि बाळंतीण सव्वा महिन्यानं नदी पुजायला जाते तेव्हा, बायका त्याच वाटेनं जात आल्या. ओल्या बाळंतिणीला घेऊन मसणवटीवरून कोण जाईल?

तेवढ्यात मारोतराव आत आले. त्यांनी ऐकलं आणि ते तिथंच थांबले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला भीती वाटली, कारण त्यांना ती वाट ठाऊक होती हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

झालं होतं असं. चावडीत त्यांनी वाटा विचारल्या तेव्हा पुरुषांनी पुरुषांच्या वाटा सांगितल्या. बायकांच्या घाटाकडे गावचा पुरुष जात नाही, तिकडे बघत नाही, आणि चार लोकांत त्याचं नावही काढत नाही. आणि मारोतराव? ते पहाटे बांधावरून चालले होते. समोरून दोघी-तिघी हंडे घेऊन बागेकडे वळताना त्यांनी पाहिल्या, कुठं जातात ते त्यांना समजलं, आणि ते पाठ फिरवून परत आले. सभ्य माणूस दुसरं काय करणार? वाट चालले नाहीत, म्हणून लिहिली नाही. त्यांचा नियम आणि त्यांची रीत, दोन्ही चांगल्या गोष्टी. दोन्ही मिळून गावच्या निम्म्या लोकांची नदी बंद झाली.

हरकतीची मुदत संपली होती. चूक दुरुस्त करायची तर अमिनानं तसा अहवाल द्यायचा. त्याच वेळी मारोतरावांचं नाव रेव्हेन्यू इन्स्पेक्टरच्या जागेसाठी वर गेलेलं. साहेब वाईट नव्हते. त्यांनी समजावलं की 'गावकऱ्यांनी सांगितले नाही' असं लिहा, ते खोटंही नाही. मारोतरावांनी लिहिलं, 'मी विचारले नाही.' तो कागद मीच स्वच्छ अक्षरात उतरवून दिला आणि मनातून त्यांच्यावर चिडले. जागा दुसऱ्याला मिळाली. मी त्यांना म्हटलं, एवढं खरं बोलायची काय गरज होती? ते म्हणाले, "बाई, मले बढती नाई भेटली त मी अमीन राहतो. थ्या बायका काय राहतीन?"

अहवाल वर गेला आणि वरच राहिला. मग राज्यच मोडलं. नागपूरची राजधानी गेली, आम्ही मुंबई राज्यात गेलो, काही फायली इकडे, काही तिकडे. सिव्हिल लाइन्समधले बंगले रिकामे झाले, आणि ज्या रस्त्यानं मोटारींमुळे चालता येत नसे तिथं गाई बसायला लागल्या. वडघाटचा कागद कुठं गेला ते कोणाला सांगता येईना. मारोतराव दर सोमवारी येऊन विचारत, मी मान हलवत असे. त्या दिवसांत ते चिंचा सांगत नव्हते. मी एकदा स्वतःहून विचारलं, तर म्हणाले, ज्याची एक वाट चुकली त्यानं बाकीच्यांचं कौतुक कोणत्या तोंडानं करावं? त्या वर्षी मी ज्या रेघा ओढल्या त्या नुसत्या रेघा होत्या, आणि मला कचेरीत जावंसं वाटेनासं झालं.

शेवटी नवे साहेब आले, पुण्याकडचे, फार शुद्ध बोलणारे. त्यांनी सांगितलं की नवा प्रस्ताव करा, पण वाट वहिवाटीची असल्याचा पुरावा हवा. गावचे लोक सही देतील का? मारोतराव वडघाटला जाऊन आले. पुरुष हात जोडत होते, पण सही करीनात. कारणही खरंच होतं. ज्या वाटेनं आपण कधी गेलो नाही, ती आपण पाहिली असं कसं लिहून द्यायचं? आणि पाहिली म्हणावं, तर गावात तोंड कसं दाखवायचं? बायका चावडीवर यायला तयार नव्हत्या. एकट्या गिरजाबाईच्या अंगठ्यावर साहेबांचं समाधान होईना. ते म्हणाले, मग एखाद्या सरकारी नोकरानं ती वाट प्रत्यक्ष चालून, मोजून द्यावी.

मारोतराव साहेबांच्या खोलीतून बाहेर आले आणि माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. त्यांना पेन्शनीत जायला एक महिना उरला होता. मग म्हणाले, "ट्रेसरबाई, तुमीबी सरकारी नोकर हा."

आईनं घरात दोन दिवस अबोला धरला. कचेरीत जे काय बोललं गेलं ते मी इथं लिहीत नाही. कचेरीच्या मागच्या आवारात मारोतरावांनी मला मोजणीची साखळी धरायला शिकवली. ती जड असते, आणि पदर खोचून ती ओढणारी बाई पाहायला आमचा अख्खा विभाग खिडकीत जमला होता. मला लाज वाटली नाही. खरं सांगायचं तर इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता.

थंडीचे दिवस होते. गिरजाबाईची नातसून सव्वा महिन्याची बाळंतीण झाली त्या दिवशी आम्ही मौद्याच्या मोटारीनं गेलो. गावातून निघालेल्या बायका बागेच्या कडेपर्यंत आल्या. तिथं काट्यांचा कूप होता. मारोतराव कुपापासून दूर, बांधावर थांबले आणि त्यांनी नदीकडे पाठ केली. आता काटे कोण काढणार, असा प्रश्न होता. तेवढ्यात बागेच्या आतून मालगुजाराची बायको आली, हातात हळदकुंकवाचं ताट. तिनं ताट गिरजाबाईकडे दिलं, दोन्ही हातांनी फांद्या बाजूला ओढल्या, आणि माझ्या साखळीकडे बघून म्हणाली, "नीट मोज वं माय. मीबी दोनदा याच वाटेनं गेली."

तर मी ती वाट चालले. पुढे बाळंतीण, मागे बायका, आणि साखळीचं दुसरं टोक डोक्यावर घागर असलेल्या एका पोरीच्या हातात. जोडे मी काढून ठेवले होते. वाट पायाखाली दिसत नव्हती, वर्षं गेली होती. पण बायका कुठं वळायचं ते विचारत नव्हत्या. घाटावर पूजा झाली, बाळंतिणीनं नदीला ओंजळ वाहिली. मी कागदावर आकडे लिहिले आणि थोडी रडले. कोणी कारण विचारलं नाही. असल्या ठिकाणी रडणाऱ्या बाईला कोणी कारण विचारत नाही.

परत आले तेव्हा मारोतराव त्याच बांधावर, त्याच बाजूला तोंड करून उभे होते. मी कागद दिला. त्यांनी आकडे पाहिले नाहीत. खालच्या आवाजात विचारलं, काय काय आहे तिथं? मी सांगितलं, पहिल्या वळणावर संत्र्याची दोन झाडं वाळलेली आहेत. मग उतार, तिथं बायकांनी दगडाच्या पायऱ्या केल्यात, वाहून गेल्या की पुन्हा करायच्या. एक उंबर आहे. उंबराखालून पुढं वाळू लागते आणि ती थंड असते. ते डोळे मिटून ऐकत होते. मग बांधावर टेकून, कागद मांडीवर धरून त्यांनी खाली सही केली. न चाललेल्या वाटेखाली त्यांची ती पहिली सही.

तो प्रस्ताव पुढे मंजूर झाला. वडघाटच्या नकाशावर ती तुटक रेघ मीच ओढली. तोवर मारोतराव पेन्शनीत जाऊन उमरेडला राहायला गेले होते, आणि मंजुरीचं पत्र मी त्यांना पाठवलं ते त्यांच्या भावाच्या हाती पडलं. त्या उन्हाळ्यात त्यांना ऊन लागलं होतं. भावानं दोन ओळींत कळवलं की पत्र मिळालं, पण चार दिवस उशीर झाला.

म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते वडघाटलाच. मला परतीच्या मोटारीवर गिरजाबाईचा मुलगा सोडणार होता. मारोतरावांना मात्र नदीपलीकडच्या गावात शेवटच्या मोजणीला जायचं होतं, आणि तिथूनच ते परस्पर पेन्शनीत जाणार होते. बायका घरी परतल्या होत्या. घाटावर कोणी नव्हतं. गिरजाबाईनं कूप उघडाच ठेवला होता. ती म्हणाली, "आता कोणी नाई भाऊ तिकडं. याच वाटेनं उतरा, नदी समोरच हाये. मसणवटीकडून कायले फेरा खाता?"

मारोतराव कुपापर्यंत गेले. जोडे काखेत होतेच. ती उघडी फट आणि तिच्यापलीकडे झाडांमधून खाली उतरणारी जमीन त्यांनी पाहिली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मला वाटत होतं त्यांनी जावं. मी मनात म्हणत होते, जा, एकदा चालून या.

ते म्हणाले, "राहू द्या, माय. बायकायची वाट हाये."

मग त्यांनी वाकून जोडे पायांत घातले आणि मसणवटीकडच्या गाडीवाटेनं, लांबच्या फेऱ्यानं, नदीकडे निघाले.